बॉनेट उघडलं तेवढ्यात: साताऱ्यातल्या एका कॅमेरा बॅगेचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका छायाचित्रकार मित्राचं आहे. साताऱ्यात त्याचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराईत लग्नं, एरवी बारशी, डोहाळजेवणं, साठीशांती, आणि पावसाळा सरता सरता कासच्या फुलांचं वेड. त्याला आणि त्याच्या भाच्याला विचारूनच लिहितोय. नावं आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. चोरी झाली त्या संध्याकाळपासून विम्याचं भिजत घोंगडं वाळेपर्यंत मी त्यांच्यासोबत होतो, त्यामुळे फिर्यादीपासून सुपूर्दनाम्यापर्यंतचे, म्हणजे जप्त वस्तू मालकाच्या ताब्यात देतानाच्या कागदापर्यंतचे, सगळे कागद नजरेखालून गेले आहेत.

कॅमेरा सांभाळायचा म्हटलं की आपल्याकडे बोलणं लगेच कुलपावर, चेनवर, न कापल्या जाणाऱ्या पट्ट्यावर जातं. या प्रकरणात त्यातलं काहीही उपयोगी पडलं नसतं. दोन धडधाकट माणसं चार हातांवर उभी असताना बॅग गेली. त्या मिनिटाला ती नेमकी कोणाच्या ताब्यात होती, हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. आणि जे थोडंफार परत मिळालं ते एका आकड्यामुळे मिळालं. या दोन्ही गोष्टी नीट मांडल्या जाव्यात असं मला मनापासून वाटतं.

बॅगेत काय होतं

नवरात्र नुकतं बसलं होतं. मंगळवार होता. कासला शनिवार-रविवारी फुलांपेक्षा माणसं जास्त, म्हणून कामाने जाणारे मधले वार धरतात. मामा-भाचे समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट पहाटेच चढले. अंतर पंचवीसेक किलोमीटरचंच, पण धुकं असलं की वेळ लागतो.

जुनी निकॉन डी ७५० आणि तिच्यावर २४-१२० ची लेन्स, हा एक संच. दुसरा नवा: मिररलेस निकॉन झेड ६ टू, बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी १०५ ची मॅक्रो लेन्स, लांबचं टिपणारी ७०-२०० एफ २.८ लेन्स, एक फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर, फिल्टर. नवा संच बॅगेत आणि जुना बहुतेक वेळ भाच्याच्या गळ्यात. बॅगेतलं सामान आजच्या भावाने चार लाखांच्या वर जातं. कर्ज काढून, दोन सराईंच्या कमाईतून त्याने ते जमवलेलं.

शिवाय एक गोष्ट अशी होती, जिची किंमत कुठल्याच बिलावर नव्हती. आदल्या दिवशी, घटस्थापनेला, त्याने एका घरचं बारसं टिपलं होतं. झेड ६ टूमध्ये कार्डाच्या दोन खाचा असतात आणि तो प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकदम लिहून घेतो. एक कार्ड बिघडलं तरी काम वाचावं म्हणून. रात्री उशीर झाला, पहाटे निघायचं होतं, कार्डांवर जागा शिल्लक होती. फोटो संगणकावर उतरवायचे राहिले आणि दोन्ही प्रती कॅमेऱ्याच्या पोटातच कासला गेल्या.

पठारावर त्याची शिस्त पाहण्यासारखी असते. सीतेच्या आसवांसारखं फूल काही मिलिमीटरचं. पायवाट न सोडता, गुडघे टेकून, कोपर जमिनीला लावून, श्वास धरून टिपावं लागतं. एक डोळा व्ह्यूफाइंडरला, दुसरा मिटलेला, पाठ सगळ्या जगाकडे. चोरी करणाऱ्याला याहून सोयीचा माणूस मिळणार नाही. म्हणून तो बॅग बाजूला ठेवतच नाही. तिच्या पट्ट्यात एक पाय घालून मग गुडघा टेकतो. बॅग ओढली तर पाय ओढला जाईल. लेन्स बदलताना भाचा छत्री धरून मागे उभा राहतो, छत्री पावसासाठी आणि पाठ राखण्यासाठीही. पठारावरून वाहनतळापर्यंतच्या बसमध्येही बॅग मांडीवर. अनोळखी गर्दीत ही दोघं डोळ्यांत तेल घालून होती.

परतताना सरी कोसळल्या आणि बॅग बाहेरून ओलीचिंब झाली. डिकीत चिखलाचे बूट, ओले रेनकोट, ट्रायपॉड. ओली बॅग त्यात कोंबली तर आत दमटपणा राहील, लेन्सला बुरशी धरेल, असा विचार करून त्याने ती मागच्या सीटवर उघडी ठेवली. विचार चुकीचा नव्हता. साताऱ्याच्या पावसाळ्यात बुरशीने खाल्लेल्या लेन्स मीही पाहिल्या आहेत. पण बॅग कॅमेऱ्याची म्हणूनच विकलेली होती. पाठीवर कंपनीचं नाव, पट्ट्यावर पिवळ्या ठळक अक्षरांत पुन्हा तेच. मागच्या काचेतून ते रस्त्यावरच्या कोणालाही वाचता येत होतं.

राजवाड्याजवळ

घाट उतरून ते शहरात आले. राजवाड्याच्या अलीकडे आईची औषधं घ्यायला मामाने गाडी कडेला लावली. भाचा समोर वडापाव आणायला गेला. गाडी व्यवस्थित लॉक केलेली होती. दोघे पाच-सात मिनिटांत परतले आणि निघाले.

थोडं पुढे गेल्यावर डाव्या बाजूला एक मोटरसायकल आली. मागे बसलेल्याने काचेवर टकटक केली.

"दादा, ऑइल गळतंय बघा की गाडीतनं! लई गळतंय, इंजिन जाम हुईल."

गाडी जुनी, नुकतीच घाट उतरून आलेली. कोणीही थांबेल. मामाने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेटचा खटका ओढला आणि उतरला. भाच्याच्या गळ्यात डी ७५० होती, तो फोटो मागेपुढे करत बसला होता. मामा वाकलेला पाहून तोही उतरला, कॅमेरा गळ्यातच ठेवून. म्हणून तेवढा वाचला.

बंपरखाली खरोखरच काळे थेंब होते. हीच या युक्तीची खुबी आहे. सांगणारा खोटं बोलतोय असं वाटायला जागाच राहत नाही, कारण डोळ्यांना थेंब दिसतात. मामाने बॉनेट उचललं आणि काठी लावली. मोटरसायकलवरचा एक जण आपुलकीने शेजारी येऊन उभा राहिला. "नळी बघा, रेडिएटरची नळी बघा, तिथनंच असणार."

आता गाडीभोवतीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. उघडलेलं बॉनेट काचेवर उभ्या पडद्यासारखं येतं. समोर उभ्या माणसाला मागची सीट दिसत नाही, मागचं दारही दिसत नाही. इंजिन बंद करून ड्रायव्हरचं दार उघडलं तेव्हा मध्यवर्ती लॉकने बाकीची तिन्ही दारंही मोकळी झाली होती. रस्त्यावर रिक्षांचे, एसटीचे हॉर्न. मागचं डावं दार कोणीतरी अलगद उघडलं, बॅग उचलली आणि दार लोटून ठेवलं. आपटलं नाही, आवाज झाला असता. शेजारचा मदतनीस "आता कमी झालं, गॅरेजला दाखवा" असं सांगून निघून गेला. मामाने बॉनेट लावलं, चावी फिरवली आणि समोरच्या पट्टीवर दार उघडं असल्याचा दिवा लागला. तेव्हा भाच्याने मागे वळून पाहिलं.

नंतर मी दोघांना वेगवेगळं विचारलं, त्या वेळी बॅग कोणाच्या भरवशावर होती? मामा म्हणाला, "हा आत बसलाय असंच माझ्या डोक्यात होतं." भाचा म्हणाला, "गाडी मामाची, मामा दाराशीच होता, मला वाटलं त्याचं लक्ष आहे." दोघंही खरं सांगत होते. पठारावर पाय कोणाच्या पट्ट्यात आहे हे ठरलेलं होतं, गाडीत काहीच ठरलेलं नव्हतं. घर पाच मिनिटांवर आलं की माणूस मनाने घरी पोचलेला असतो, आणि माझ्या मते धोका तिथेच सर्वात मोठा असतो. तेलाचे थेंब, "तुमचे पैसे पडलेत" म्हणून खाली टाकलेल्या दहा-वीसच्या नोटा, शर्टावर उडवलेली घाण, या सगळ्या लक्ष विचलित करण्याच्या युक्त्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. बँकेतून रोकड घेऊन निघालेल्यांना त्या माहीत असतात. कॅमेरेवाल्यांना त्या आपल्या वाटत नाहीत.

पहिला तास

पहिली वीस-पंचवीस मिनिटं वाया गेली. भाचा एका दिशेने धावला, मामाने दुसऱ्या दिशेला गाडी पळवली. असा पाठलाग करू नये हे मी कळकळीने सांगतो. समोरचे किती जण आहेत, त्यांच्याकडे काय आहे, कशाचीच कल्पना नसते, आणि संतापलेला माणूस गर्दीच्या रस्त्यात गाडी चालवून आणखी कोणाला तरी उडवतो. ११२ ला फोन लावून जागेवर थांबायला हवं होतं. तिथल्या चहावाल्याने मोटरसायकल पाहिली होती, तो तोवर गिऱ्हाइकांत गुंतला.

मग मामाला ट्रॅकरची आठवण झाली. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा ब्लूटूथ ट्रॅकर होता. त्याच्यात सिमकार्ड किंवा जीपीएस नसतं. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या फोनना तो सापडतो आणि त्यांच्यामार्फत जागा कळते. महामार्गालगत फोनांची कमी नाही. नकाशावर ठिपका महामार्गाच्या सेवा रस्त्याकडेला येऊन थांबला. पोलिसांसोबत आम्ही तिथे गेलो तेव्हा अंधार पडत होता. चरात बॅग होती. आत पावसाचं कव्हर, चार्जर, फिल्टरच्या डब्या आणि आपली नोकरी चोख बजावलेला ट्रॅकर. बाकी बॅग रिकामी.

चोराला बॅग नको असते. ती ओळखू येते, जागा अडवते, म्हणून पहिल्याच निवांत ठिकाणी सामान दुसऱ्या साध्या पोत्यात जातं. बॅगेत ठेवलेला ट्रॅकर बॅगच शोधून देतो. शिवाय अनोळखी ट्रॅकर आपल्यासोबत फिरतोय अशी सूचना आजचे फोन आपणहून देतात. कोणाचा चोरून माग काढला जाऊ नये म्हणून ती सोय आहे आणि ती हवीच, पण चोरालाही ती मिळते. तरी ट्रॅकर ठेवावा. रिकाम्या बॅगेमुळे पंचनाम्याला जागा मिळाली, पळण्याची दिशा कळली, आणि चोरी झाल्याचा उघड पुरावा हाती आला, जो पुढे विम्यात कामी आला. ट्रॅकर कॅमेरा परत आणून देईल असं मात्र धरून चालू नये.

हरवलं की चोरीला गेलं

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न लेखनाचा निघाला. नुसती गहाळ नोंद करून घ्यावी, ती ऑनलाइनही होते, असं तिथे बसलेल्या एका ओळखीच्या माणसाने मित्राला सुचवलं. मित्र थकला होता, तयारही झाला असता. गहाळ नोंद म्हणजे वस्तू आपल्या हातून हरवली असं आपणच लिहून देणं. तिच्यावर चोरीचा तपास उभा राहत नाही आणि विमा कंपनी ती चोरीचा पुरावा म्हणून धरत नाही. सामान कोणी उचलून नेलं असेल तर फिर्याद चोरीचीच द्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याची अडचण न येता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, आणि नोंदवलेल्या खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ही तरतूद फिरतीवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावीच. कोल्हापूरच्या लग्नात चोरी झाली आणि घरी आल्यावर लक्षात आलं, तरी साताऱ्यात फिर्याद देता येते.

दुसरा प्रश्न अवघड होता. "वस्तूंचे नंबर सांगा."

मोबाइलचं एक बरं असतं. त्याला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा क्रमांक, असतो, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो टाकून फोन देशभर बंद पाडता येतो. कॅमेऱ्याला असं काही नाही. तो कुठल्या जाळ्यावर नोंदलेला नसतो आणि दुसऱ्याच्या हातात तो तसाच चालतो. त्याची ओळख म्हणजे बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, छापलेला आणि लेन्सच्या माउंटजवळचा, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडते त्या कडीजवळचा, अनुक्रमांक, बस. तो फिर्यादीत नसेल तर उद्या शंभर काळ्या लेन्सांतून आपली कुठली हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. "निकॉन कंपनीचा काळ्या रंगाचा कॅमेरा, जुना वापरता" एवढंच वर्णन घेऊन तपास करायचा तरी कोणी आणि कसा?

बॉडी आणि ७०-२०० ची खोकी घरी माळ्यावर होती, त्यांवरच्या लेबलांवर क्रमांक मिळाले. खोकी नसती तरी बॉडीचा क्रमांक काढता आला असता. निकॉनसह अनेक कॅमेरे मूळ फाइलमध्ये तो लिहून ठेवतात, आणि एक्झिफटूलसारख्या मोफत साधनाने जुन्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी निघालेल्या, फाइलमधून तो वाचता येतो. मूळ फाइलच लागते, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ही माहिती राहत नाही. लेन्सच्या बाबतीत मात्र यावर विसंबू नये.

मॅक्रो लेन्स अडली. ती त्याने वर्षभरापूर्वी दुसऱ्या छायाचित्रकाराकडून वापरलेली घेतली होती. ना बिल, ना खोकं. पैसे यूपीआयने दिले होते ही नोंद निघाली, आणि सौदा करताना विकणाऱ्याने लेन्सचे फोटो पाठवले होते ते संभाषणात सापडले. एका फोटोत माउंटजवळचा क्रमांक होता. शेवटचा आकडा अंधुक होता, भाच्याने फोटो मोठा करून, उजळून तो लावला. विकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी येऊन लेन्स याला विकल्याचं लिहून दिलं. त्या भल्या माणसाने टाळाटाळ केली असती तर लेन्स आमची आहे हे सांगायला आमच्याकडे काही उरलं नसतं.

त्याच रात्री आम्ही रस्त्यावरच्या दुकानदारांना भेटून सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवायची विनंती केली. यंत्राची जागा भरली की ते जुन्यावर नवं लिहितं, थोड्या दिवसांत सगळं पुसलं जातं. औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पाहिलं तेव्हा उलगडा झाला. गाडी तिथे उभी असतानाच एक मुलगा मागच्या काचेपाशी थबकला होता, आत पाहून पुढे गेला होता. परत येऊन बुटाची नाडी बांधल्यासारखा बंपरपाशी बसला, हातात छोटी बाटली. चोरी राजवाड्याजवळ झाली, पण तिचा निर्णय त्या काचेपाशी झाला होता. पिवळी अक्षरं त्याने तिथे वाचली होती.

विमा

मित्राकडे व्यावसायिक साहित्याचा विमा होता. घराच्या विम्यात धंद्याचा कॅमेरा सहसा धरत नाहीत, त्यामुळे हा वेगळा घ्यावा लागतो आणि त्याने तो घेतला होता. आम्ही त्याच रात्री कंपनीला ईमेलने कळवलं. उशिरा कळवणं हे दावा लटकण्याचं नेहमीचं कारण.

नुकसान तपासायला आलेले कंपनीचे सर्वेक्षक थेट गाडीच्या दाराच्या मुद्द्यावर आले. गाडी लॉक होती का? काच फुटली का? दाराला इजा आहे का? बऱ्याच पॉलिसींत अशी अट असते की वाहनातून झालेली चोरी तेव्हाच भरून मिळेल, जेव्हा वाहन पूर्ण बंद होतं आणि बळजबरीने फोडल्याच्या खुणा आहेत. आमच्याकडे खुणा नव्हत्या. पॉलिसीची मूळ भाषा आम्ही ओळीओळीने वाचली तर ती अट वाहन 'कोणाच्या देखरेखीशिवाय' सोडल्याबद्दल होती. इथे दोघेही गाडीला खेटून उभे होते, त्यांना फसवून चोरी झाली होती. सीसीटीव्हीचं चित्रण, फिर्याद आणि चरातल्या बॅगेचा पंचनामा जोडून आम्ही तसं लिहून दिलं. पहिलं उत्तर नकाराचं आलं. कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी गेलो. तिथे नाही जमलं तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि तिथे जायची आमची तयारी आहे, हेही पत्रात स्पष्ट लिहिलं. अखेर दावा मान्य झाला, घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) आणि स्वतः सोसायची रक्कम कापून.

मान्य झाला तो बॉडी, ७०-२०० आणि फ्लॅशपुरता. मॅक्रो पॉलिसीच्या यादीत नव्हतीच. पॉलिसी आधीची, लेन्स नंतरची, आणि नूतनीकरणाला जुनीच यादी पुढे सरकली होती. यात कंपनीला दोष देता येत नाही. वस्तू घेतली त्याच आठवड्यात यादीत चढवायची, हे काम कोणीतरी अंगावर घ्यावं लागतं. आता ते भाचा करतो.

बारशाचे फोटो

पैशांपेक्षा या भेटीची मित्राला धास्ती होती. तो दुसऱ्याच दिवशी त्या घरी गेला, फोनवर सांगितलं नाही. बाळाची आजी काही बोलली नाही, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सोबत होतो.

थोडं वाचलं ते असं. कॅमेरा फोनशी जोडलेला होता आणि निकॉनचं ॲप फोटोंच्या २ मेगापिक्सेलच्या छोट्या प्रती आपोआप फोनवर घेत असतं. मध्येच जोडणी तुटली होती, त्यामुळे पाळण्यापर्यंतच्याच प्रती आल्या होत्या. नाव ठेवतानाचा, आत्याने कानात कुर्र केल्याचा फोटो गेला तो गेलाच. मिळालेल्या प्रतींतून चार बाय सहाचे छाप स्वच्छ निघाले. त्याने ते अल्बम करून दिले, घेतलेली आगाऊ रक्कम परत केली, आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचं काम बिनपैशाचं करायचं कबूल केलं.

दोन खाचांबद्दल आमच्या धंद्यात फार मोठा गैरसमज आहे. त्या कार्ड बिघडण्यापासून वाचवतात. कॅमेराच गेला तर दोन्ही प्रती एकाच वाटेने जातात. काम संपताच एक कार्ड बाहेर काढून अंगावर, खिशाला चेन असेल त्या खिशात ठेवायचं आणि कॅमेऱ्यात दुसरं घालायचं. यासाठी लागणारं एक जादाचं कार्ड कुठल्याही महागड्या बॅगेपेक्षा स्वस्त पडतं.

आता ते कसे वागतात

भाच्याने सुचवलेला नियम मला सर्वात मोलाचा वाटतो. गाडी कोणत्याही कारणाने थांबली तरी दोघांनी एकदम उतरायचं नाही. एक आत, दारं बंद. काचेवर टकटक झाली तर काच बोटभर खाली, दार नाही. तेल गळत असेल तर गळू दे, पेट्रोल पंपापर्यंत गाडी जाते. आणि जागा बदलताना तोंडाने बोलायचं: "बॅग तुझ्याकडे." समोरच्याने "हं, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. पहिल्या दिवसांत त्यांना हे अवघड वाटायचं. आता मांडवात, पंगतीच्या गडबडीतही ते सहज बोलतात. लग्नात तर याची गरज जास्त आहे, कारण तिथे अनोळखी माणूस कधीच अनोळखी दिसत नाही. वधूकडचे त्याला वराकडचा समजतात, वराकडचे वधूकडचा.

सामान डिकीत जातं, पण निघण्याच्या ठिकाणी. पोचल्यावर डिकी उघडून बॅग आत ठेवणं म्हणजे पाहणाऱ्याला पत्ता सांगणं. ओली बॅग असेल तर मोठ्या टॉवेलात गुंडाळून डिकीतच, आणि घरी गेल्यावर सामान कोरड्या डब्यात. कंपनीचे पट्टे काढून साधे लावले. बॅगही बदलली, आता आतले कप्पे एका जुन्या कॉलेजच्या सॅकमध्ये बसवले आहेत. ट्रॅकर बाहेरच्या कप्प्यातून आतल्या फोमखाली गेला.

चेनला छोटी कुलपं लावायचं मी त्याला करू दिलं नाही. बंद चेन बॉलपेनच्या टोकाने फाकवता येते, आणि कुलूप दिसलं की आत काहीतरी आहे हे कळतं. शिवाय घाईत लेन्स हवी असताना कुलूप उघडत बसलेला छायाचित्रकार चौथ्या दिवशी ते लावणंच सोडून देतो.

सगळ्या वस्तूंचे अनुक्रमांक, बिलांचे आणि क्रमांकांचे स्पष्ट फोटो अशी यादी आता त्याच्या फोनवर, बहिणीच्या फोनवर आणि माझ्याकडे आहे.

मॅक्रो लेन्स

फिर्यादीनंतर आम्ही चोरीला गेलेल्या वस्तूंची माहिती सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या छायाचित्रकारांत आणि जुन्या कॅमेऱ्यांचा व्यवहार करणाऱ्यांत फिरवली. क्रमांक पूर्ण दिला नाही. शेवटचे दोन आकडे मुद्दाम राखले, म्हणजे फोन करणाऱ्याने ते सांगितले तरच वस्तू खरोखर त्याच्यासमोर आहे हे कळेल. पूर्ण क्रमांक जाहीर केला तर त्यावरून खोटा दावा किंवा खोटं बिलही करता येतं.

थंडी ओसरता ओसरता दुसऱ्या जिल्ह्यातून एका तरुणाचा फोन आला. त्याला १०५ ची मॅक्रो बरीच स्वस्त मिळत होती, खोकं नव्हतं, आणि विकणारा बिलाची टाळाटाळ करत होता. त्याने माउंटजवळचा क्रमांक यादीशी ताडून पाहिला आणि राखलेले दोन आकडे बरोबर सांगितले. त्याने पैसे द्यायच्या आधी हे केलं, नाहीतर पैसे आणि लेन्स दोन्ही गेले असते, कारण चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि नकळत घेतली तरी ती हातात राहत नाही. पुढचं आम्ही पोलिसांवर सोडलं. लेन्स जप्त होऊन मुद्देमालात जमा झाली.

जप्त वस्तू कापडात बांधून, सील करून ठेवतात. लेन्सला असा बंद दमट अंधार म्हणजे बुरशीला आमंत्रण. मित्राने विनंती केली आणि अंमलदारांनी गाठोड्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवू दिल्या, त्याची नोंदही केली. मग न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज केला. जप्त मुद्देमाल ठाण्यात पडून खराब होऊ देऊ नये, फोटो आणि पंचनामा करून मालकाला लवकर द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलेलं आहे. मालकी दाखवायला यूपीआयची नोंद, संभाषणातला तो फोटो आणि आधीच्या मालकाचं लेखी म्हणणं पुरलं. लेन्स सुपूर्दनाम्यावर हातात आली. काचेत डाग नव्हता.

बॉडी आणि ७०-२०० अजून मिळालेली नाही. विम्याच्या पैशांत थोडी भर घालून त्याने वापरलेली झेड ६ टू घेतली, बिलासकट, आणि ती त्याच आठवड्यात पॉलिसीत चढली. मॅक्रो पुन्हा कामाला लागली आहे. पण खटला संपेपर्यंत ती विकता येत नाही, बदलून घेता येत नाही, तिच्या रूपात काही फेरफार करता येत नाही. बोलावलं की ती न्यायालयात हजर करीन, असं बंधपत्र मित्राने लिहून दिलं आहे. त्याची प्रत लेन्सच्या डब्यातच असते.